काम थांबवायचे कोणी?

16 ऑक्टोबर 2023 ची सकाळ. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाच्या उड्डाणपुलाचे काम चालू होते. मोठा आवाज झाला आणि खांबांवर चढवलेल्या गर्डरचा भाग खचलेला दिसू लागला. दुपारी तोच भाग, गर्डर उचलून ठेवणाऱ्या लाँचरच्या अवजड सांगाड्यासकट, खाली आला. कुणाचा जीव गेला नाही, हे चिपळूणकरांचे नशीब. पुढे चौकशी समिती नेमली गेली आणि गावातली चर्चा कामाच्या दर्जाभोवती फिरत राहिली. ती योग्यच होती. पण त्या दिवसाच्या घटनाक्रमात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पुलाने सकाळी खूण दिली होती, आणि ती खूण इतकी ढोबळ होती की रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू आली. आवाज होण्याआधीचे ताण, वाक आणि सरकणे मात्र माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. ते यंत्राला दिसते.

‘यंत्र आणि माणूस’ या सूत्राभोवती लेख हवा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या बांधकामांकडे या नजरेने पाहणे क्रमप्राप्त होते. एकमेकांना जोडलेले सेन्सर हल्ली बांधकामाच्या जागेवर बरेच काही सांगू शकतात: डोंगर किती मिलिमीटर सरकला, क्रेनवर किती भार आला, बोगद्यातली हवा श्वास घेण्यासारखी आहे का, हार्नेसचा हुक खरोखर अडकवला आहे का. विकणारे सांगतात की हे बसवले की अपघात टळतील. हा दावा अर्धाच खरा आहे. यंत्र धोका मोजते. धोका टळतो तो काम थांबल्यावर. काम थांबवण्याचा हक्क कुणाच्या हाती आहे, त्याचा भुर्दंड कोण सोसतो आणि थांबवणाऱ्याची नोकरी टिकते का, यावर सेन्सरचे यश ठरते. रत्नागिरी जिल्ह्यात या म्हणण्याच्या दोन्ही बाजूंचे पुरावे सापडतात.

डोंगर कापला की

मुंबई-गोवा महामार्गावरच्या परशुराम घाटाचा नकाशाच सगळी अडचण सांगतो. वर परशुराम गाव आणि देवस्थान, खाली पेढे गाव, आणि मधल्या उतारावर कापून रुंद केलेला रस्ता. चौपदरीकरणासाठी डोंगर जवळजवळ उभा तासावा लागला. 2021 च्या जुलैत अतिवृष्टीत या घाटाच्या पायथ्याला पेढ्यात दरड घरांवर आली आणि माणसे दगावली. पुढच्या उन्हाळ्यात, 2022 च्या एप्रिल-मे महिन्यांत, काम उरकण्यासाठी घाट दररोज दुपारी काही तास वाहतुकीला बंद ठेवावा लागला. खाली वस्ती, वर वस्ती, मध्ये पोकलेन आणि डंपर, आणि तिन्हींच्या डोक्यावर पावसाळा. अशी जागा देशात एकच नाही, पण रत्नागिरी जिल्ह्यात ती नेहमीची आहे.

याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. कोकणच्या सड्यावर जांभ्याचे कठीण कवच असते. हा दगड सच्छिद्र. पाऊस त्यातून झिरपून खाली जातो. त्याच्याखाली अनेक ठिकाणी मऊ, चिकट मातीचा थर असतो आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी पाषाणावर अडते, माती फुगते, तिची पकड सुटते, आणि वरचे जांभ्याचे ओझे सरकू लागते. जोवर डोंगराचा पायथा शाबूत असतो तोवर हे ओझे तोलले जाते. रस्त्यासाठी पायथाच कापला की तोल बिघडतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. त्यामुळे इथे मे महिन्यात सुरक्षित वाटणारा कापलेला उतार जुलैत तसाच राहील, असे कुठल्याही अभियंत्याला नुसते बघून सांगता येत नाही. बघण्यापलीकडचे काहीतरी हवे, आणि सेन्सरची खरी गरज इथे सुरू होते.

यंत्रे काय बघतात

डोंगरापासून सुरुवात करू. उतारात खोल भोक पाडून त्यात नळी सोडतात आणि नळीत ठरावीक अंतरांवर कल मोजणारी यंत्रे बसवतात. माती आतल्या आत सरकू लागली की नळी वाकते, आणि कोणत्या खोलीवर, किती वाकली हे कळते. शेजारी पिझोमीटर असतो. तो मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब मोजतो. वरती पर्जन्यमापक आणि भेगांवर भेगमापक. पाऊस, आतला दाब आणि हालचाल हे तिन्ही आकडे एकत्र वाचले तर दरडीची तयारी आधी दिसू शकते. दरड अचानक कोसळते असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा अचानक असते ते तिचे दिसणे.

बोगद्यात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने होते. खेड आणि पोलादपूर यांच्यामधला कशेडी घाट टाळण्यासाठी डोंगरातून बोगदे काढले गेले. असे बोगदे हल्ली ज्या पद्धतीने खणतात तिचा पायाच मोजमाप हा आहे: खणायचे, काँक्रीट फवारायचे, आणि भिंती-छतावर लावलेल्या खुणा किती आत येताहेत हे रोज पाहून पुढचा आधार ठरवायचा. खोदकामाबरोबर हवेतला ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि सुरुंगानंतरचे वायू मोजणारी यंत्रे लागतात. उंचीवरच्या कामात लाँचर आणि क्रेनवर भारमापक, कलमापक आणि वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे येतात. समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे 1 ऑगस्ट 2023 ला मध्यरात्रीनंतर लाँचर कोसळला आणि 20 जण मरण पावले. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला ठाण्यात बाळकूमला बांधकामाची लिफ्ट खाली येऊन सात कामगार गेले. जीव थेट यंत्राच्या तब्येतीवर टांगलेला असतो, अशा या जागा.

शेवटी माणूस. हेल्मेटमध्ये किंवा पट्ट्यावर बसवलेले छोटे यंत्र पडणे ओळखते; पोकलेनच्या मागे कोणी आले की चालकाच्या केबिनमध्ये घंटा वाजते; परांचीवर हुक न लावता चढलेल्याला इशारा मिळतो. ही सगळी यंत्रे रेडिओ लहरींनी एका ठिकाणी बोलतात. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी ताकदीच्या अशा यंत्रांना परवाना लागत नाही. मोबाइलचा टॉवर न पोचणाऱ्या घाटातही कड्यावर एक केंद्र बसवून खालची यंत्रे जोडता येतात. यातले काहीच परग्रहावरून आलेले नाही. क्रेनवर सुरक्षित भार ओलांडला की चालकाला इशारा देणारे यंत्र हवे, ही अट बांधकाम कामगारांच्या 1998 च्या केंद्रीय नियमांतच घातली गेली. म्हणजे यंत्राने धोका सांगावा, हे तत्त्व कायद्याने पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीच मान्य केले. बाकी राहिले ते पाळणे आणि पुढे नेणे.

कोकण रेल्वेने काय केले

यंत्राचा इशारा आणि थांबण्याचा नियम यांची सांगड कशी घालायची, याचे उदाहरण शोधायला रत्नागिरीकराला लांब जावे लागत नाही. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्ग खुला झाला. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल ही त्या कामाची शिखरे. त्याची किंमतही मोठी होती. मऊ मातीतल्या नऊ बोगद्यांनी चार वर्षे घेतली आणि 19 जीव घेतले. साऱ्या मार्गावर 74 जण गेले. रत्नागिरी स्थानकाजवळचे श्रमशक्ती स्मारक त्यांच्यासाठी आहे. त्या काळात बोगद्याच्या तोंडाशी आजच्यासारखी यंत्रे नव्हती, आणि मऊ माती कधी आत येईल याचा अंदाज बव्हंशी अनुभवावर सोडलेला होता.

मार्ग सुरू झाल्यावर डोंगराने पुन्हा हिशेब मागितला. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडमातीवर गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. पुढच्याच वर्षी 16 जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर या मार्गाने पावसाळ्यासाठी जी व्यवस्था उभी केली ती बारकाईने बघण्यासारखी आहे. कापलेल्या डोंगरांवर जाळ्या आल्या. जाळीत दगड आला की कल मोजणाऱ्या यंत्रांतून खबर देणारी ‘रक्षा धागा’ ही व्यवस्था इथेच विकसित झाली. चिपळूण, रत्नागिरी, विलवडे अशा स्थानकांवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत; वाशिष्ठीसारख्या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रे आहेत; पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जातो. आणि या सगळ्याबरोबर सहाशेहून अधिक माणसे पावसाळ्यात मार्गावर गस्त घालतात. सरासरी दर किलोमीटरला स्थानकाशी बोलण्यासाठी सॉकेट आहे.

पण या व्यवस्थेचा कणा यंत्रसंख्येत नाही. आकडा ठरलेली रेषा ओलांडतो तेव्हा काय करायचे, हे आधी लिहून ठेवलेले असते. पाऊस जोराचा झाला आणि समोरचे दिसेनासे झाले की लोको पायलटने गाडी ताशी 40 किलोमीटरवर आणायची. वारा मर्यादेपलीकडे गेला की गाडी पुलावर जात नाही. पावसाळ्यासाठी वेळापत्रकच वेगळे असते, म्हणजे उशीर आधीच गृहीत धरलेला असतो आणि तो कुणाच्या माथी मारला जात नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हातात लाल दिवा असलेला गस्तीवाला, पगाराच्या उतरंडीत अगदी तळाचा माणूस, शेकडो प्रवाशांची एक्स्प्रेस थांबवू शकतो. त्याला मुंबईला फोन करून परवानगी मागावी लागत नाही, आणि रूळ नीट निघाले तरी ‘उगाच गाडी का थांबवलीस’ असे कोणी त्याला विचारत नाही. महामार्गाच्या कामावरच्या बिगाऱ्याला यातला कुठला अधिकार आहे?

आकडे होते, तरी

अधिकार नसला की यंत्र असूनही काय होते, हे सिंगापूरने 20 एप्रिल 2004 ला पाहिले. मेट्रोच्या कामासाठी निकोल हायवेलगत सुमारे तीस मीटर खोल खड्डा खणला होता. त्याच्या भिंतींत कल मोजणारी यंत्रे होती, आडव्या टेकूंवर भारमापक होते. भिंती अपेक्षेपेक्षा जास्त आत येत आहेत, हे आकडे कित्येक आठवडे सांगत होते. प्रत्येक वेळी मर्यादा ओलांडली गेली की हिशेब नव्याने मांडला गेला आणि मर्यादाच वाढवली गेली. त्या दिवशी सकाळी टेकूंच्या सांध्यांतून धपधप आवाज येऊ लागले. वाकलेल्या तुळयांना काँक्रीटचा आधार देण्याची धडपड झाली. दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळे ढासळले. चार जण गेले. त्यातल्या एका फोरमनने आधी आपल्या माणसांना बाहेर काढले होते. चौकशी समितीने सदोष आराखड्याबरोबर मोजमापांच्या या गैरवापरावरही बोट ठेवले. जगातल्या शिस्तप्रिय गणल्या जाणाऱ्या शहरात, भरपूर यंत्रे असताना, आकडा आणि कृती यांच्यामध्ये वेळापत्रक येऊन उभे राहिले.

तिवरे धरणाची गोष्ट आणखी साधी. चिपळूण तालुक्यातले हे मातीचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले, भेंदवाडी वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. ते चालू बांधकाम नव्हते, पण मुद्दा तोच. धरणाला गळती आहे, हे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. तिथे सेन्सरचे काम गावकऱ्यांच्या डोळ्यांनी केले. कमी पडली ती माहिती मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत पाणी सोडण्याची आणि वस्ती हलवण्याची जबाबदारी घेणारी यंत्रणा. उद्या प्रत्येक धरणात, प्रत्येक घाटात सेन्सर लावले आणि त्यांचे आकडे अशाच कुठल्या टेबलावर पडून राहिले, तर आपण तक्रारीच्या कागदाची जागा फक्त संगणकाच्या पडद्याला दिलेली असेल.

थांबले तर हजेरी कोण देणार?

महामार्गाच्या कामाची रचना बघा. वर रस्ते प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग, त्यांचा सल्लागार अभियंता, मग मुख्य कंत्राटदार, त्याच्याखाली उपकंत्राटदार, त्याच्याखाली माणसे आणणारा मुकादम, आणि शेवटी उत्तर कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडहून आलेला कामगार. सुरक्षेला धोका असेल तर काम स्थगित करण्याची तरतूद करारात असते, पण ती सल्लागार अभियंत्याच्या शिफारशीने आणि प्राधिकरणाच्या लेखी नोटिशीने अमलात येते. डोंगर नोटिशीची वाट बघत नाही. शिवाय प्रत्येक पायरीवर थांबण्याची किंमत आहे. कंत्राटदाराला मुदत चुकल्याचा दंड, उपकंत्राटदाराला रोज भाड्याने घेतलेल्या पोकलेनचा खर्च, मुकादमाला दिलेली उचल, आणि कामगाराला बुडालेली हजेरी.

सुरक्षेच्या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते या शेवटच्या मुद्द्यावर. सायरन वाजला, चार तास काम बंद राहिले आणि त्या चार तासांचा रोज कापला गेला, तर दुसऱ्या दिवशी सायरन वाजू नये असे सर्वांत आधी कामगारालाच वाटेल. मग सेन्सरवर गोणपाट टाकले जाते, घंटेची तार सुटते, हुक नुसता दाखवण्यापुरता अडकवला जातो. बाहेरून हा अडाणीपणा वाटतो. घरी पैसे पाठवायचे असलेल्या माणसाचा तो सरळ हिशेब आहे. म्हणून थांबलेल्या तासांची पूर्ण हजेरी हा सेन्सर व्यवस्थेचाच एक भाग मानला पाहिजे. त्याशिवाय बसवलेले यंत्र ज्याच्यासाठी बसवले त्याचेच शत्रू होते.

कायदाही इथे अर्ध्यावर थांबतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कामगाराला गंभीर इजेची रास्त भीती वाटली तर ती मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क आहे. मालकाची खात्री पटली तर त्याने तातडीने उपाय करायचे. काम सोडून बाजूला होण्याचा स्पष्ट हक्क मात्र त्यात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1988 मध्ये बांधकामासाठी जो 167 क्रमांकाचा करार केला, त्यात समोर ठाकलेल्या धोक्यापासून दूर होण्याचा हक्क कामगाराला दिला आहे. सेन्सरचा आकडा या हक्काला बळ देऊ शकतो. ‘मला भीती वाटली’ या म्हणण्याला साहेब हसू शकतो. ‘लाल दिवा लागला होता’ या नोंदीला हसणे कठीण.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप खर्चाचा. मोठ्या रस्त्याच्या, पुलाच्या वा बोगद्याच्या कामात मोजमाप यंत्रांचा खर्च एकूण रकमेच्या मानाने किरकोळ असतो. एक कोसळलेला लाँचर आणि महिनोन्महिने अडलेली वाहतूक त्याच्या कित्येक पट महाग पडते. प्रश्न खर्च किती याहून तो कोण करतो हा आहे. तो कंत्राटदाराच्या एकूण दरात मिसळला की सर्वांत कमी बोली लावणारा आधी तिथेच कात्री चालवतो. हाँगकाँगने 2023 मध्ये यावर मार्ग काढला: तीन कोटी हाँगकाँग डॉलरपेक्षा मोठ्या सरकारी कामांत अशी जोडलेली सुरक्षा व्यवस्था बंधनकारक केली. अट सर्वांना सारखी असली की सुरक्षित वागणारा स्पर्धेत मागे पडत नाही.

दुसरा आक्षेप खोट्या इशाऱ्यांचा. सुरुंग उडाला, डंपर शेजारून गेला, माकडाने तार ओढली, की घंटा वाजणार. दहा वेळा उगाच वाजली की अकराव्यांदा कोणी लक्ष देणार नाही. हा आक्षेप खरा आहे. उपाय असा की एका यंत्राच्या आकड्यावर लाल दिवा लावायचा नाही. पाऊस आणि हालचाल, किंवा शेजारच्या दोन कलमापकांचा मेळ बसला तरच लाल; एकट्याचा आकडा चढला तर पिवळा, म्हणजे अभियंत्याने जागेवर जाऊन बघायचे. हवामान खात्याच्या रंगीत इशाऱ्यांची भाषा आता कोकणात घरोघरी कळते. हीच भाषा साईटवर वापरली तर शिकवणीही सोपी होते. तरीही काही वेळा काम उगाच थांबेल. गस्तीवाल्याने थांबवलेल्या सगळ्याच गाड्यांपुढे दरड नसते, पण रेल्वेने तो उशीर परवडणारा मानला आहे.

तिसरा आक्षेप कोकणच्या हवेचा: खारा वारा, चार महिन्यांची ओल, वीज जाणे. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. नेमका ज्या दिवशी धोका सर्वाधिक, त्याच दिवशी नेटवर्क नसणार. म्हणून इथल्या व्यवस्थेला दोन अटी लागतात. सायरन जागेवरच्या यंत्रातूनच वाजला पाहिजे. आकडा पुण्या-मुंबईच्या सर्व्हरवर जाऊन निर्णय परत येण्याची वाट बघणारी व्यवस्था घाटात निरुपयोगी आहे. आणि यंत्र गप्प झाले तर ती गप्पदेखील पिवळा इशारा मानली पाहिजे. ‘आकडा आला नाही’ म्हणजे ‘सगळे ठीक’ नव्हे. पावसाळ्यात ऊन कमी, तेव्हा सौर पट्टीच्या भरवशावर न राहता वर्षभर टिकणाऱ्या बॅटऱ्या आणि मे महिन्यातली तपासणी हवी. तपासायला माणूस हवाच. सेन्सर आले म्हणून गस्त काढून टाकण्याची चूक कोकण रेल्वेनेही केलेली नाही.

चौथा आक्षेप पाळतीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. कामगाराच्या पट्ट्यावरचे यंत्र तो पडला का हे सांगते, तसे तो किती वेळ बसला, विडी प्यायला कुठे गेला हेही सांगते. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली तेव्हा ती हजेरी आणि पगाराशी जोडली गेली होती, हे विसरता येत नाही. सुरक्षेची नोंद मजुरी कापायला वापरली गेली की कामगार ते यंत्र फेकून देईल, आणि त्याचे चुकणार नाही. म्हणून डोंगर, क्रेन, लाँचर आणि हवा यांवरची यंत्रे आधी यावीत. माणसाच्या अंगावरची सर्वांत शेवटी, तीही नाव न नोंदवता, आणि हजेरीच्या वहीपासून कायमची वेगळी ठेवून.

चिऱ्याच्या घराचे काय?

हे सगळे मोठ्या कामांचे झाले. रत्नागिरी शहरात, संगमेश्वरात, लांज्यात चिऱ्याची घरे आणि तीन-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहतात, तिथे चार गवंडी, सहा बिगारी आणि एक मिस्त्री एवढीच व्यवस्था. दहापेक्षा कमी कामगार असतील तर 1996 चा बांधकाम कामगार कायदा लागू होत नव्हता. दहा लाखांपर्यंतचे स्वतःचे घरही त्यातून वगळलेले होते. सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन पूर्वी पाचशे कामगारांवर होते, नव्या संहितेत ते अडीचशेवर आले. रत्नागिरीतल्या बहुतांश साईटना त्याचा उपयोग शून्य. इथे केंद्र, सर्व्हर, रंगीत पडदे यांची भाषा गैरलागू आहे. पण या साईटवरचे धोके ठरलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी साधी उपकरणे आहेत.

स्लॅबखालची सेंटरिंग लवकर काढणे हा त्यातला एक. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवस ठेवावेत, असे काँक्रीटचे भारतीय मानक सांगते. पण सेंटरिंगच्या प्लेटा भाड्याच्या, आणि पुढच्या साईटवर त्यांची वाट बघणारे असतात. काँक्रीट ओतताना आत ठेवलेला तापमानाचा स्वस्त सेन्सर त्याला किती बळ आले याचा अंदाज देतो, आणि मिस्त्रीला मालकापुढे ‘अजून नाही’ म्हणायला आधार मिळतो. विहीर, शोषखड्डा, सेप्टिक टाकी यांत उतरण्याआधी ऑक्सिजन आणि विषारी वायू मोजणारे हातातले यंत्र चांगल्या मोबाइलच्या किमतीत येते; ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांखाली गेला की ते ओरडते. एका गवंड्याने ते विकत घेणे अवघड, पण तालुक्याला काही यंत्रे भाड्याने मिळणे अजिबात अवघड नाही. बांधकामांवरच्या एक टक्का उपकरातून चालणारे राज्याचे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगारांना सुरक्षा संच आणि घरगुती भांड्यांचे संचही वाटते. त्याच मंडळाने तालुक्याच्या सुविधा केंद्रात वायुमापक ठेवावेत आणि टाकीत उतरणाऱ्याला एका दिवसासाठी फुकट द्यावेत. भांड्यांचा संच घरी उपयोगी पडतो. घरी परत येण्यासाठी वायुमापक लागतो.

निविदेत लिहायच्या चार ओळी

मग करायचे काय? मिऱ्या-नागपूर महामार्ग असो, मुंबई-गोवा महामार्गाची राहिलेली कामे असोत किंवा यापुढचा कुठलाही पूल, निविदेत चार गोष्टी लिहिल्या तरी चित्र बदलेल. एक, मोजमाप यंत्रांचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून, बोलीच्या स्पर्धेबाहेर ठेवावा, आणि ती चालवणारी संस्था कंत्राटदाराने नव्हे तर काम देणाऱ्याने नेमावी. दोन, पिवळ्या आणि लाल रेषा काम सुरू होण्याआधी ठराव्यात आणि काम चालू असताना त्या वाढवायच्या असतील तर कारणासह जाहीर कराव्यात. निकोल हायवेचा धडा एवढाच आहे. तीन, लाल दिवा लागल्यावर काम थांबवण्याचा अधिकार पाळीवरच्या फोरमनला आणि मुकादमाला लेखी द्यावा. थांबलेला वेळ मुदतीत धरू नये आणि कामगाराची हजेरी पूर्ण द्यावी. चार, पायथ्याशी वस्ती असेल तर तोच सायरन त्या वाडीलाही ऐकू जावा. पेढ्यातल्या माणसाला घाटाचा आकडा वर्तमानपत्रातून कळण्यात अर्थ नाही.

अभियंते म्हणतील की याने कामे लांबतील. लांबतील, काही दिवसांनी. मुंबई-गोवा महामार्ग दशकाहून अधिक काळ रखडला तो सुरक्षेसाठी थांबल्यामुळे नव्हे. उलट कोसळलेला पूल आणि खचलेला घाट यांनीच त्याचा वेळ खाल्ला. सेन्सर हा या व्यवस्थेतला सर्वांत सोपा भाग आहे. तो विकत मिळतो. थांबण्याची परवानगी विकत मिळत नाही, ती करारात लिहावी लागते.

आपल्या गावात रस्त्याचे किंवा पुलाचे काम सुरू झाले की बाहेर फलक लागतो. कामाचे नाव, रक्कम, कंत्राटदार, मुदत. त्या फलकावर आणखी एक ओळ असलीच पाहिजे: धोका दिसल्यास हे काम तात्काळ थांबवू शकणाऱ्या, जागेवर हजर असलेल्या व्यक्तीचे नाव आणि फोन नंबर. ती नसेल तर वाचकहो, ग्रामसभेत, नगर परिषदेत, जिल्हा परिषदेत तेवढा एक प्रश्न विचारा. उत्तर देणारा कोणी नसेल, तर तिथे कितीही सेन्सर बसवले असले तरी ते काम सुरक्षित नाही, असे समजा.